वजन कशासाठी कमी करावयाचे?

"सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण" ही म्हण आपल्या या भागात लहान मुलासही पाठ असते. काशीच्या मरणाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सुरतेच्या जेवणाचा अनुभव आपणा सर्वांच्या पदरी भरपूर आहे. चांदणी पडव्याची घारी, सकाळचा लोचो, थंडीच्या दिवसांतील पोंक, आणि त्यांच्या जोडीला वाडवडिलांनी खानदेशातून बरोबर आणलेली वरण-बट्टी व शेवभाजी, अशा दोन्ही प्रांतांच्या पंगती बमरोलीतील आपल्या घरांतून उठत असतात. या जेवणास दोष देण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिलेला नाही. काय खावे आणि काय टाळावे हे सांगणारे लेख व व्याख्याने यांचीही वाण नाही. आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळाच.

जो गृहस्थ पर्युषणात अठ्ठाई करतो, म्हणजे आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतो, तोच गृहस्थ डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य आठ दिवसही का पाळू शकत नाही? जी भगिनी आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस तूप, तेल, दूध, साखर यांना स्पर्श करीत नाही, तिला चहातील साखर अर्धी करणे का जड जावे? मनोबळ नाही, असे म्हणावे तर ते आठ दिवसांच्या उपवासात प्रत्यक्ष दिसते. माहिती नाही, असे म्हणावे तर माहिती आपल्या खिशातील फोनमध्ये आहे. मग उणे आहे ते काय? पुष्कळ विचारांती आमचे मत असे झाले आहे की, उणा असतो तो हेतू. उपवास आपण कशासाठी करतो हे आपणांस ठाऊक असते; वजन कशासाठी कमी करावयाचे, हे बहुतेकांनी स्वतःस कधी विचारलेलेच नसते.

आपली बैठक

प्रथम हा विषय व्यापारी वर्गाच्या इतका जिव्हाळ्याचा का, ते पाहू. आपल्या शेडमध्ये यंत्रमागावर काम करणारा कारागीर पाळीभर एका मागावरून दुसऱ्या मागाकडे फिरत असतो. शेठ मात्र काचेच्या केबिनमध्ये बसून असतात. पूर्वी ताका पाहण्यासाठी, बीम संपले की नाही हे तपासण्यासाठी दिवसातून चारपाच फेऱ्या तरी होत. आता भिंतीवरील कॅमेरे ती फेरी घालतात व आपण खुर्चीत बसून पडद्यावर ती पाहतो. दलाल आला की चहा, यार्नवाला आला की चहा, टेंपो भरून निघाला की पुन्हा चहा.

या बैठकीचा परिणाम काय होतो, याचा एक जुना व प्रसिद्ध अभ्यास आहे. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली व ती 1953 साली प्रसिद्ध झाली. एकाच गाडीवर दोन माणसे: एक दिवसभर बसून गाडी हाकणारा, दुसरा तिकिटे देण्यासाठी जिना चढणारा व उतरणारा. बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण तिकिटे देणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. पुढे 1956 साली याच संशोधकांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेरही मोठा निघाला. आपल्या शेडमध्ये चालक कोण व तिकिटे देणारा कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या देशातील माणसाची आणखी एक अडचण आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही 22.3 असा एकच होता. परंतु शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांच्या अंगी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगी 21.2 टक्के भरली. तात्पर्य, दिसावयास सडपातळ असलेला भारतीय मनुष्यही आतून स्थूल असू शकतो, आणि ही चरबी विशेषेकरून पोटाच्या ठिकाणी साठते. यास्तव भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस 90 सेंटिमीटर व स्त्रियांस 80 सेंटिमीटर अशी मानली जाते. हे माप विजारीच्या पट्ट्यावरून घ्यावयाचे नसून शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर घ्यावयाचे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांत प्रौढांपैकी 39.5 टक्के लोकांचे पोट या अर्थाने सुटलेले आढळले, व देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींवर गेल्याचा अंदाज करण्यात आला.

उसना हेतू

आता आमचीच हकिकत सांगतो. गेल्या काही वर्षांत आम्ही वजन कमी करण्याचा संकल्प तीन वेळा सोडला. पहिला, रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टर रागावले म्हणून. दुसरा, पुतणीच्या लग्नात शेरवानी नीट बसावी म्हणून. तिसरा, बाजारातील एका स्नेह्याने चारचौघांत पोटावरून थट्टा केली म्हणून. पहिला संकल्प भीतीबरोबरच दीड महिन्यात ओसरला. दुसरा लग्नाच्या पंगतीतच संपला. तिसरा तर राग शांत होताच विसरला गेला. तिन्ही वेळा उतरलेले वजन व्याजासह परत आले.

आपण व्यापारी आहोत. भांडवलाचा भेद आपणांस समजतो. उसन्या भांडवलावर धंदा सुरू करता येतो, परंतु मंदीच्या पहिल्याच वर्षी सावकार दारात उभा राहतो. स्वतःचे भांडवल असले की दोन वर्षांची मंदीही सोसता येते. हेतूचेही तसेच आहे. डॉक्टरांची भीती, पत्नीचा आग्रह, लोकांची थट्टा, लग्नाची तारीख, ही सर्व उसनी भांडवले होत. ती वाईट नव्हेत; सुरुवात करून देण्याचे काम ती चोख करतात. परंतु ज्याने दिली त्याचे लक्ष दुसरीकडे वळले की ती आटतात.

मानसशास्त्रज्ञांनीही हा भेद तपासून पाहिला आहे. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी माणसाच्या प्रेरणेचे मुख्यतः दोन प्रकार सांगितले आहेत: दुसऱ्याच्या दडपणाने किंवा स्वतःच्या मनातील अपराधी भावनेने केलेली गोष्ट, आणि स्वतःस पटून, स्वतःच्या मोलाच्या गोष्टींशी जुळवून केलेली गोष्ट. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय स्थूल असलेल्या 128 व्यक्तींस सहा महिन्यांचा आहारोपचार दिला व 23 महिन्यांपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांचा हेतू स्वतःचा होता ते नियमाने हजर राहिले, त्यांचे वजन अधिक उतरले, आणि विशेष म्हणजे पुढेही ते टिकून राहिले.

टिकण्याचाच प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. वजन उतरू लागले की शरीर स्वस्थ बसत नाही. भूक वाढविते व खर्च आवरते, जणू दुष्काळच पडला आहे. 2025 साली आपल्या देशात वजन उतरविणारी नवी इंजेक्शने विक्रीस आली, आणि योग्य रुग्णास डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा लाभही होतो. परंतु ती बंद केल्यानंतर गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, असेच प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे औषध घ्या अथवा पथ्य करा, ही वाटचाल वर्षानुवर्षांची आहे. इतकी लांबची वाट उसन्या शिदोरीवर सरत नाही.

पाच वेळा 'कशासाठी?'

मग स्वतःचा हेतू शोधावा कसा? आम्हांस तो आपोआप सापडला नाही. एका संध्याकाळी आमचे एक डॉक्टर स्नेही पेढीवर आले होते. तेही मूळचे खानदेशचेच. बोलता बोलता आम्ही त्यांस म्हणालो, "डॉक्टरसाहेब, या दिवाळीपर्यंत दहा किलो उतरवावयाचे आहे."

ते म्हणाले, "उतरवा की. पण भाऊ, कशासाठी?"

"तब्येत चांगली राहील."

"तब्येत चांगली राहावी, ती कशासाठी?"

आम्हांस थोडे हसू आले. "अहो, धंदा बघायला नको का?"

"धंदा मुनीमजीही बघतात. तुम्हीच बघायला हवा, तो कशासाठी?"

"मुलगा अजून शिकतो आहे. त्याच्या हाती सगळे नीट जायला हवे."

"ते तर मुनीमजीही त्याला शिकवतील. तुम्हीच शिकवायला हवे, ते कशासाठी?"

यावर आम्हांस उत्तर सुचेना. डॉक्टरही काही बोलले नाहीत. आमची दृष्टी सहज कपाटातील जुन्या वह्यांकडे गेली. त्यांत एक लाल वही आहे. आमचे वडील छप्पन्नाव्या वर्षी, गादीवर बसले असतानाच गेले. त्या वहीत त्यांच्या हातची शेवटची नोंद अर्धी आहे. रक्कम लिहिलेली आहे, नाव लिहावयाचे राहिले आहे. ते नाव कोणाचे, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. त्या वेळी आमचे वय एकोणीस होते. धंदा आम्ही मुनीमजींकडून शिकलो, आणि त्यांचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. परंतु कोणावर उधारी ठेवावी व कोणावर ठेवू नये, दलालाच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावा, तोट्याच्या वर्षी घरी गेल्यावर चेहरा कसा ठेवावा, या गोष्टी वडिलांना विचारावयाच्या राहून गेल्या. आता आमचे वय त्रेपन्न आहे व मुलाचे सतरा.

आम्ही डॉक्टरांस एवढेच म्हणालो, "माझ्या मुलाला नोंद अर्धी मिळायला नको."

ते म्हणाले, "आता दहा किलोंचे नाव काढू नका. हेच लिहून ठेवा."

वाचकांनी ही पद्धत स्वतःवर योजून पाहावी. कागदावर आपला संकल्प लिहावा व त्याखाली 'कशासाठी?' असे विचारून उत्तर लिहावे. त्या उत्तरास पुन्हा तोच प्रश्न करावा. पहिली दोन उत्तरे बहुधा लोकांकडून ऐकलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर लेखणी अडखळते. जेथे ती अडखळते, तेथेच आपला हेतू जवळ असतो. कोणास नातवाबरोबर पालिताण्याचा डोंगर डोलीविना चढावयाचा असेल; तेथे साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत व गुडघे कोणाची भीड धरीत नाहीत. कोणास वृद्ध आईची सेवा स्वतःच्या हातांनी करावयाची असेल. उत्तर लहान असले तरी चालेल. ते आपले असले पाहिजे.

हेतूपासून नियमापर्यंत

केवळ हेतूने वजन उतरत नाही, हेही तितकेच खरे. हेतू हे भांडवल झाले. धंदा रोज सकाळी उघडावा लागतो. येथे आपल्या परंपरेकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तप हे कर्मनिर्जरेसाठी असते, कंबर बारीक करण्यासाठी नव्हे, आणि या दोहोंची गल्लत करणे योग्य होणार नाही. परंतु तपाची रीत पाहा. पच्चक्खाण घेणारा "जमेल तसे कमी खाईन" असे म्हणत नाही. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटे. चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर काहीही नाही. उणोदरीत तर शास्त्रकारांनी पुरुषाचा पूर्ण आहार 32 घासांचा मानून त्याहून कमी घेण्यास तप म्हटले. वेळ ठरलेली, मर्यादा ठरलेली, आणि शब्द स्वतःच्या मुखाने उच्चारलेला. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली हेच निराळ्या शब्दांत मांडले: "व्यायाम करीन" असे म्हणण्यापेक्षा "अमुक घडले की मी अमुक करीन" असे ठरविणाऱ्याचा संकल्प अधिक वेळा सिद्धीस जातो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण सर्वांच्या ऐकण्यात असेल. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेला विचार लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी 2012 साली प्रथम स्वतःवर योजून पाहिला, व तीन महिन्यांत त्यांचे आठ किलो वजन उतरले. दिवसातून दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवावे, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा त्यांचा नियम. वैद्यकीय क्षेत्रात या नियमाविषयी मतभेद आहेत व तो सर्वांस मानवेलच असे नाही. परंतु तो इतका पसरला याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, तो एका वाक्यात सांगता येतो आणि त्यास दमडीचाही खर्च नाही.

आरंभ मोठाच असावा असेही नाही. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात, ज्याचा निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाला, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांपुढे शरीराच्या वजनाच्या सात टक्के घट व आठवड्यास 150 मिनिटे चालणे इतकेच ध्येय ठेवले होते. त्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेल्या व 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही आहार व चालणे यांनी हे प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे 85 किलो वजनाच्या गृहस्थाने सहा किलो उतरविले, तरी पुष्कळ साधले.

आपल्या पेढीवरील एकच हिशेब करून पाहा. दिवसाकाठी आठ कटिंग चहा, प्रत्येकात एक चमचा म्हणजे सुमारे पाच ग्रॅम साखर. दिवसाची 40 ग्रॅम, महिन्याची सव्वा किलोच्या आसपास, वर्षाची साडेचौदा किलो. एवढी साखर एकदम समोर ठेवली तर आपण हात लावणार नाही. आम्ही स्वतः नियम केला तो असा: दलाल आला की चहा त्याच्यासाठी, आपल्यासाठी पाणी, आणि सकाळी शेड उघडली की कॅमेरा न पाहता पायी दोन फेऱ्या. यार्नचा भाव वाढलेला असो वा उतरलेला, फेरी चुकवावयाची नाही.

घरातील मंडळींविषयी

हा लेख घरातील भगिनीही वाचतील, म्हणून दोन शब्द. आमच्या पत्नीस आम्ही तोच प्रश्न केला, तेव्हा तिची पहिली चारही उत्तरे इतरांविषयी होती: सासूबाईंचे करावयास हवे, मुलाचा डबा, पाहुण्यांचे चहापाणी. पाचव्या वेळी ती हळूच म्हणाली, "मला भजनमंडळात मांडी घालून बसता यावे." घरातील स्त्रीचे आरोग्य हे केवळ घर चालविण्याचे साधन नव्हे, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. पुरुषांनी एवढे करावे की, घरात कोणाच्याही शरीराची थट्टा करू नये, मुलींची तर मुळीच नाही. थट्टेने दिलेला हेतू उसना असतो आणि त्याचे व्याज फार जबर असते. तसेच एकास पथ्य व बाकीच्यांस फरसाण, अशी वाटणी एका ताटाळ्यातून फार दिवस चालत नाही. स्वयंपाक बदलावयाचा तर तो सर्वांचाच थोडाथोडा बदलावा.

येथे एक सूचना आवश्यक आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांची औषधे चालू असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा किंवा उपवास स्वतःच्या मनाने बदलू नयेत. साखर एकाएकी उतरली तर तेही प्राणावर बेतते. आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे.

तोटा झाला तर

शेवटी, नियम मोडला तर काय करावे? तो मोडणारच. लग्नसराई येईल, घारी येईल, एखाद्या आठवड्यात माल परत येईल व मन थाऱ्यावर राहणार नाही. एका महिन्यात तोटा झाला म्हणून कोणी वही फाडून टाकीत नाही. तो तोटा लिहून ठेवतो व दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. गेल्या आठ महिन्यांत आमचे वजन पाच किलो उतरले आहे. मध्यंतरी त्यातील दोन किलो परतही आले होते. परंतु पूर्वी असे झाले की आम्ही काट्यावर उभे राहणेच सोडून देत असू. या खेपेस तसे झाले नाही, कारण ती लाल वही कपाटात रोज दिसते. आणि आता मुलगा रविवारी सकाळी शेडच्या फेरीस आमच्याबरोबर येतो. चालता चालता तो विचारतो व आम्ही सांगतो. गेल्या रविवारी त्याने विचारले की, तोट्याच्या वर्षी आजोबा घरी काय सांगत असत. आम्ही म्हणालो, ते आम्हांस ठाऊक नाही. पण आम्ही काय सांगतो, ते तू ऐकून ठेव.

या दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी शुभ-लाभ लिहून झाल्यावर प्रत्येक सभासद बंधूने व भगिनीने एका निराळ्या चिठ्ठीवर आपला 'कशासाठी' एका ओळीत लिहावा, ती घडी करून नव्या वहीत ठेवावी, व वर्षभरात मन कचरेल तेव्हा उघडून वाचावी, एवढी आमची विनंती आहे. ती चिठ्ठी कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही. सर्व सभासदांस व त्यांच्या परिवारास नवे वर्ष आरोग्याचे जावो.